ओळीचा सातबारा

हिरा,

तुझ्या चुलत्यांनी, अण्णांनी, मला एक प्रश्न विचारलाय आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. खरं तर ते माझ्याकडेच असायला हवं होतं, कारण दुसऱ्या कुणाकडे असण्याची शक्यताच नाही. कोळवणच्या वरच्या अंगाला, तुमच्या घरासमोर, तुझ्या दहाव्याला आलेली माणसं एकेक करून उठली. मग अण्णा माझ्यापाशी येऊन टेकले आणि म्हणाले, "तिकडं तुमच्यात हिरानं माझ्या वळी म्हनल्या व्हत्या. त्याच्या म्होरं तिनं आपल्या दोन जोडल्या व्हत्या. काय जोडल्या?"

मी गप्प बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, मालकीण गप बसली, आता सूर्य कुटनं उगवला ते बघाय पायजे.

लोक मला विचारतात, कशी गेली गं? मी सांगायचं टाळते. डेंग्यूचं निमित्त झालं म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि विषय संपतो. माझा संपलेला नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि अर्ध्या भांडणातून उठून जायची तुझी खोड मला कधीच आवडली नाही. म्हणून मी तुझ्याशी नेहमीसारखीच बोलणार आहे, म्हणजे वाद घालतच.

तू आमच्या इमारतीत राहायला आलीस तो दिवस मला चांगला आठवतो. आमच्या मान गावात आयटी पार्क आल्यापासून शेती करणारं घर शोधावं लागतं, आणि खोल्या भाड्यानं न देणारं घर शोधूनही सापडत नाही. आमच्या भातखाचरावर चार मजले उभे आहेत. दुसऱ्यावर तुम्ही चौघी मुली. तू पार्कच्या तिसऱ्या फेजमधल्या एका कंपनीच्या गेटवर पाहुण्यांचे पास बनवायचीस. बाबा तुला 'कोळवणची' म्हणायचे, आई 'ती बडबडी' म्हणायची, आणि तू मला पहिल्या दिवसापासून मालकीण. मी म्हटलं, अगं ताई म्हण. तर म्हणालीस, "ताई भाडं घेत न्हाई."

खाली पार्किंगमध्ये दर रविवारी संध्याकाळी आमचं कोंडाळं जमायचं. गाड्या बाहेर काढायच्या, निखिलनं स्पीकर लावायचा, आणि गोल उभं राहून ज्याला सुचेल त्यानं मधे येऊन ठेक्यावर आपलं म्हणायचं. निखिल कंपनीत इंजिनिअर, तळमजल्यावरचा भाडेकरू, आणि ठेका लावणारा आमचा एकुलता एक माणूस. बाकी कुणी डिलिव्हरी करणारा, कुणी कॉलेजातला, कुणी नुसताच ऐकायला येणारा. आईला ती सगळी पार्किंगमधली भांडणं वाटायची. बाबांची एकच अट होती, आईबहिणीवरून शिवी नको.

आणि माझी एक अट होती. ती मी मधल्या खांबावर लाल रंगानं, स्वतःच्या हातानं लिहिली होती: दुसऱ्याची ओळ आणू नये.

नवं माणूस आलं की मी त्याला आधी हिपहॉप म्हणजे काय ते सांगायचे. कीर्तनच म्हण ना. तू त्याला 'मालकिनीचं पारायण' म्हणायचीस. मी सांगायचे, हे नुसतं फास्ट बोलणं नव्हे, टोपी उलटी घालणं तर नव्हेच. पन्नासेक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात काळ्या आणि स्पॅनिश बोलणाऱ्या गरिबांची वस्ती होती. वस्तीच्या मधून मोठा हमरस्ता काढला, घरं गेली, माणसं पांगली. उरलेल्या इमारती दुरुस्त करण्यापेक्षा जाळून विम्याचे पैसे घेणं कित्येक घरमालकांना परवडायला लागलं. अशा जळक्या गल्लीत एका पोरीला शाळेसाठी नवे कपडे हवे होते. तिनं इमारतीच्या हॉलमध्ये नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला, तिकीट लावलं, आणि तबकड्या वाजवायला भावाला बसवलं. गाणारा थांबतो आणि नुसता ठेका उरतो त्या तुकड्यावरच लोक नाचायला उठतात, हे त्या भावानं हेरलं होतं. मग त्यानं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या ठेवल्या आणि तो तुकडा संपू दिलाच नाही. ठेका लांबला तसे नाचणारे पुढे आले. माइक धरणारा लोकांची नावं पुकारता पुकारता यमकं जुळवायला लागला. पोरं भिंतींवर आणि रेल्वेच्या डब्यांवर आपली नावं रंगवत होतीच, तीही यात आली. चाकू घेऊन भांडणाऱ्या टोळ्या नाचून आणि बोलून भांडायला लागल्या. ज्यांचं सगळं काढून घेतलं होतं त्यांनी, मी इथं आहे, असं ओरडून सांगितलं. हे हिपहॉप.

पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा बाकीचे भारावले होते आणि तू विचारलंस, "म्हंजी जमवलं बहिनीनं आन् नाव झालं भावाचं?"

मी म्हटलं, इतिहासात असं होतं. तू म्हणालीस, इतिहास तिकडचाबी आमच्याच गावचा दिसतुया.

मग जिना चढताना, कुणी ऐकणार नाही असं बघून, तू मला खरा टोला दिलास. तुझ्या ह्या गोष्टीत घरमालक हायेत ना, मग तू कुठल्या बाजूची? मी रागावले. आमचीही जमीन पार्कसाठी गेली, आमच्याही दारात नोटिसा आल्या, हे तुला ऐकवलं. तू ऐकून घेतलंस आणि वर बघून एवढंच म्हणालीस, "व्हय, पन चार मजलं बी उभं र्‍हायलं की." त्यानंतर मी ते पारायण कधीच पूर्वीच्या ठसक्यात सांगू शकले नाही. घरमालकांचा भाग आला की माझा आवाज जरा खाली यायचा, आणि समोर तू गालात हसत असायचीस.

तू आलीस आणि कोंडाळ्यात हसू आलं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आम्ही सगळे फार गंभीर होतो गं. जगावर रागावलेले आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे. तू मधे येऊन गेटवरचे पाहुणे म्हणायचीस: नाव विचारलं तर कार्ड पुढं करणारा साहेब, लॅपटॉपचा नंबर विचारला तर मोबाइल नंबर देणारा, पासवरच्या फोटोत आपण जाड दिसतो म्हणून पुन्हा काढायला लावणारी बाई. निखिल हसता हसता ठेका चुकवायचा. आई वरून गॅलरीतून ऐकायची आणि सोमवारी सकाळी तुला डब्याला भाकरी द्यायची. माझ्या कवितेसाठी तिनं कधी साधा चहा टाकला नाही.

मला वाटायचं, मी तुला घडवतेय. लिहून काढत जा, श्वास कुठं घ्यायचा ते ठरवत जा, असल्या सूचना करायचे. तू मान हलवायचीस आणि आपल्याला हवं तेच करायचीस. एकदा मला म्हणालीस, तू मानची हायस आन् बोलतीस डेक्कनवानी. कॉलेजसाठी पुण्यात गेले आणि माझी बोली सुटली ती सुटलीच. तुझ्यासमोर मला त्याची लाज वाटायची. लाज वाटली की मी आणखी शुद्ध बोलायचे.

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या स्वयंपाकघरात आईच्या हाताखाली लसूण सोलत बसली होतीस. मला विचारलंस, "हितं बाईनं काय बी म्हनलं तर चालतंय न्हवं?" मी म्हटलं, इथं कुणीही काहीही म्हणावं, त्यासाठीच तर हे आहे. केवढ्या तोऱ्यात म्हटलं होतं मी. तुमच्या धनगरवस्तीवर देवापुढं ढोल लागतो तेव्हा ओव्या पुरुष म्हणतात, बाया लांब बसून ऐकतात, हे तू मला तेव्हाच सांगितलंस. अण्णांच्या सगळ्या ओव्या तुला पाठ होत्या आणि त्या म्हणायला तुला जागाच नव्हती. माझ्याकडे जागा होती. गाड्या बाहेर काढल्या की भरपूर जागा होती.

त्या रविवारी तू मधे आलीस ती नेहमीसारखी हसत नाही. पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात केलास. निखिलच्या ठेक्याकडे तुझं लक्षच नव्हतं, तू आपल्याच संथ चालीत धरलंस:

वाट माझी मेंढरांची, खुरा-खुरांनी पडलेली
तिच्यावर ही डांबरी कुणी रातोरात काढलेली

माझ्या अंगावर काटा आला. हे मी आज तुला सांगतेय. तेव्हा सांगायला हवं होतं.

निखिलनं ठेका बंद केला. म्हणाला, हे मी ऐकलंय. त्यानं मोबाइलवर शोधलं आणि सापडलंही, कुठल्याशा जत्रेत कुणीतरी काढलेला व्हिडिओ. त्यात अण्णा, डोक्याला मुंडासं, कानावर हात, आणि ह्याच दोन ओळी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खांबाकडे पाहिलं. मग तुला विचारलं, नियम माहीत आहे ना?

"म्होरं तर ऐक," तू म्हणालीस.

आधी कबूल कर, मी म्हटलं, की हे तुझं नाही.

"माझंच हाय. अण्णाचं म्हंजी माझंच की."

तेव्हा मी जे बोलले ते बोलायला मला विचार करावा लागला नाही. आमच्या घरात लहानपणापासून जे ऐकलं तेच तोंडातून आलं. मी म्हटलं, "चुलत्याचं शेत पुतणीच्या नावावर होत नाही, हिरा."

लोक हसले. चांगलं जोरात हसले, कारण मानच्या पोरांना याच्यापेक्षा कळणारा विनोद नाही. भाऊबंदकीच्या दाव्यांवरच वाढलेली पोरं ती. तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "मालकीण, तुला वळीचा बी सातबारा लागतुया व्हय?" आणि जिना चढून वर गेलीस.

महिना संपायच्या आत तू शेजारच्या जांब्याला खोली घेतलीस. चावी द्यायला आलीस तेव्हा आईच्या पाया पडलीस. मला म्हणालीस, येते ताई. पहिल्यांदाच ताई म्हणालीस.

पण भांडण तू सोडलं नाहीस, हे तुझे उपकार. फोनवर तुझे बोललेले मेसेज यायचे, मागे जांब्याच्या रस्त्यावरचे हॉर्न. तू म्हणायचीस, तुझ्या त्या भावानं दुसऱ्याच्या गाण्याचा ठेका उचलला, तबकडीवरच्या ढोलकीवाल्याला विचारलं का? ती चोरी नव्हे? मी उलट मेसेज करायचे: ताल घ्यावा, शब्द घेऊ नयेत. त्या पोरांकडे घर नव्हतं, रस्ता नव्हता, पोलीस त्यांचे नव्हते. स्वतःचा शब्द एवढीच त्यांची मिळकत होती. तोही कुणी उचलून नेला तर माणसाकडे उरलं काय? म्हणून तिथं दुसऱ्याची ओळ म्हणणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. हे मी खोटं सांगत नव्हते. आजही मला ते पटतं.

तुझं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तुमच्यातही कुणाकडे काही नव्हतं, तू म्हणालीस, ना जमीन ना कागद. म्हणून तर तुम्ही ओळ स्वतःपाशी ठेवत नाही. अण्णांच्या चुलत्यानं पहिली म्हटली, अण्णांनी तिला दुसरी लावली. मागच्याची म्हटल्याशिवाय आपली लावायची नाही, ते उद्धटपणाचं. मागच्याची म्हणायची म्हणजे त्याच्या पाया पडून मग आपलं बोलायचं. "एकानंच धरून ठिवली तर वळ त्याच्यासंगं मरती," तू म्हणालीस.

यावर मी काय उत्तर दिलं माहीत आहे? अंगठा. नुसता अंगठ्याचा शिक्का पाठवून दिला, कारण मी शिकवायला वर्गावर निघाले होते. इतक्या चांगल्या बोलण्याला माझ्याकडून एवढीच दाद मिळाली. उत्तर नंतर शोधू म्हटलं आणि खरं सांगायचं तर ते मला सापडलं नाही.

बरं, मी विचारलंच नाही असंही नाही. पुढं काय होतं ते पाठव ना, असं एकदा म्हटलं होतं. तू म्हणालीस, "वळ फोनवर देत न्हाईत. समोर, आपल्या मागं तीच वळ धरणारं मानूस लागतंय. गावाला ये, दोघी मिळून म्हनू. तू पाव्हनी म्हनल्यावर लोकांम्होरं म्हनाय बी अण्णा न्हाई म्हननार न्हाईत." परीक्षा होऊ दे, मी म्हटलं. मग पेपर तपासणं. मग बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. कोळवण काय दिल्लीला आहे का? पिरंगुटवरून जीप मिळते. सुट्टीच्या दिवशी शहरातले लोक तिथल्या फार्महाऊसवर चुलीवरचं जेवायला जातात, आणि मला तुझ्या घरी यायला सवड नव्हती. खरं कारण सवडीचं नव्हतंच गं. तिथं येऊन तुझ्या माणसांसमोर, मी चुकले, असं म्हणावं लागेल, याची मला भीती होती. तू तसं म्हणायला लावलं नसतंस. तू पाण्याचा तांब्या पुढं केला असतास आणि म्हणाली असतीस, बस, मालकीण.

शेवटी आले ती अशी.

तुझी आई माझ्याशी फार बोलली नाही. तिनं मला तुझी गेटवरची नोकरी विचारली. तू नक्की काय करायचीस तिथं, हे तिला नीट कुणी सांगितलं नव्हतं. मी तुझे पाहुणे तिला करून दाखवले, मला जमतील तसे. फोटोत जाड दिसणाऱ्या बाईपाशी ती हसली आणि मग तोंडाला पदर लावून आत गेली. एवढं एकच काम मी तिथं धड केलं.

अण्णांचा प्रश्न मात्र तसाच समोर बसून होता. शेवटी मी खरं ते सांगितलं. म्हटलं, अण्णा, तिनं तुमच्या दोन म्हटल्या आणि आम्ही तिला थांबवलं. पुढचं आम्ही ऐकलंच नाही.

त्यांना आधी कळेना. का थांबवलं, असं विचारत राहिले. मी सांगायला लागले आणि माझं मलाच ते सांगवेना. तुमच्या ओळी होत्या म्हणून, असं म्हटल्यावर ते म्हणाले, मग माझ्याच म्हननार की, दुसऱ्या कुनाच्या म्हनंल?

मग त्यांनी जे सांगितलं ते तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. त्यांनी तुला घरी म्हणून दाखवायला सांगितलं होतं. कुणी नसताना, शेरडं घेऊन वर गेल्यावर म्हण, असंही म्हटलं होतं. तू नाही म्हणालीस. "म्हनली, आधी मालकिनीच्या तितं म्हनते. ठेक्यावर उबं र्‍हायला तिनं शिकवलंय, पयला मान तिचा. नंतर इचारलं तर म्हनली, मालकीण हितं आली की दोघी म्हनू." हे सांगताना अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचा आवाजही चढला नव्हता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी रडले हे तुला आवडलं नसतं. अण्णांनाही आवडलं नाही. ते म्हणाले, रडून काय हुतंय, चैतात जत्रा हाय, मला तिथं उभं राहायचंय, तिच्या दोन सोडून मोडकी ओवी म्हणू का? मग म्हणाले, "ज्याच्यापाशी वळ थांबली, त्यानंच ती म्होरं न्यायची. तू जोड."

मी म्हटलं, मी कशी जोडू, ती माझी नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं.

मी घरी आले आणि रोज तुझ्या दोन ओळींचा विचार केला. तू काय म्हणणार होतीस? कधी वाटतं, गेट आलं असणार. गळ्यातलं ओळखपत्र आलं असेल, किंवा मेंढरांसारखी आत सोडलेली माणसं. मग वाटतं, छे, हे माझं डोकं चालतंय, हे पुस्तकी झालं. तू काहीतरी हसण्यासारखं घातलं असतंस आणि नंतर जिना चढताना ते आम्हाला टोचलं असतं. मला येईना. तुझ्यासारखं म्हणायला गेले की ते खोटं वाजायचं. शेवटी, मला जे माहीत आहे तेवढंच मी म्हटलं. बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, कोळवणकडची मेंढरं पूर्वी आपल्याच खाचरात बसवायचो, खतासाठी. वाट इथूनच जायची, आता पार्किंग आहे तिथून. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

परवा पुन्हा कोळवणला गेले. अण्णा गोठ्यात होते. त्यांनी हात धुतले, कानावर हात ठेवून आपल्या दोन म्हटल्या, आणि थांबले. मी म्हटलं:

त्या डांबरीच्या कडेला घर माझ्या बापाचं
त्याच घराच्या दारात तोंड मिटलं पोरीचं

त्यांनी लगेच मागे धरलं नाही. एकदा पुटपुटले, एकदा मोठ्यानं म्हटलं, 'कडेला'चं 'कडंला' केलं. मग म्हणाले, "बरं हाय. पन हे तुझं हाय. तिचं न्हवं."

मी म्हटलं, हो.

तरी जत्रेत ते तुझंच नाव घालणार आहेत. ओवीत कुणाकुणाच्या ओळी आहेत ते शेवटी नावानिशी सांगायची तुमची रीत आहे: चुलत्याची पहिली, त्यांची दुसरी, पुढच्या दोन हिराच्या. मी त्यांना म्हटलं, अण्णा, असं करू नका, तिच्या नाहीत. ते म्हणाले, पोरीचं नाव ओवीत राहायला नको का, त्याला दुसरा इलाज काय आहे, सांग.

म्हणजे आता चैत्रात, तुझ्या देवापुढं, ढोलावर, तुझ्या जागेवर माझ्या ओळी उभ्या राहतील आणि लोक त्या तुझ्या समजून मागे धरतील. तुझ्या खऱ्या दोन कुणालाच कधी कळणार नाहीत. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुला चोर ठरवलं, हिरा. आपल्या दोघींत चोरी झाली असेल तर ती ही आहे, आणि ती मी केली आहे.